खोट्या मरणाची साखर

गोजरबाईंना जगातली दोनच मोठी गावं ठाऊक होती. एक हिंगोली आणि दुसरं जकार्ता. मुंबईचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "मुंबईनं काय देलं माह्या लेकराला? हातात भाला देऊन दारात उभं केलं. जकार्तानं त्याला मानसात आनलं," असं त्या माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. गिऱ्हाईक बिचारं मोबाईलची फुटकी काच बदलायला आलेलं असायचं. जकार्ता हे बियाणं आहे की फवारणीचं औषध, त्याला काही बोध व्हायचा नाही. ते नुसती मान डोलवायचं.

मी मुजाहिद. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात जीपा लागतात तिथं माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गोजरबाईंचा वैजनाथ आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. शिकायचो असं म्हणवत नाही. तेव्हापासून गोजरबाई माझ्या काकू. त्यांचं घर कोसभर लांबच्या वाडीत. वैजनाथचे वडील व्यंकटराव, पोरगा दहावीत असताना छातीत कळ येऊन गेले. मग शेत, बैल, दोन लेकरं, सगळा गाडा काकूंनी एकटीनं ओढला. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की वाडीतून हाक मारली तर गोरेगावात कुत्रं उठून बसावं. हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी उभ्या राहून गड्यांना अशा शिव्या द्यायच्या की गडी चिडायच्या ऐवजी हसायचे. पुनमला, थोरल्या लेकीला, त्यांनी कळमनुरीला चांगल्या घरी दिली. राहिला वैजनाथ.

वैजनाथ हा माणूस नव्हता, दरवाजा होता. एवढी उंची, एवढे खांदे. कबड्डीत त्याला धरायला चौघं लागायचे. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की तू टीव्हीत शोभशील, आणि हा उठला आणि मुंबईला गेला. तिथं बरीच वर्षं राजाच्या दारात भालदार म्हणून उभा राहिल्यावर एका पौराणिक मालिकेत त्याला सेनापतीचं काम मिळालं. मिशा, लांब केस, छातीवर कवच. आवाज मात्र दुसऱ्याचा. कारण त्याचं हिंदी आमच्या गोरेगावचं. भर दरबारात महाराजांना तो म्हणे, "मैं आके राह्यलो महाराज," असं म्हणाला होता. पन्नास माणसं पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून तो नुसते ओठ हलवू लागला.

आपल्याकडं ती मालिका कधी आली, कधी गेली, कुणाला कळलं नाही. वैजनाथ गावाकडं परत यायच्या बेतात होता. काकूंनी त्याच्यासाठी पोरगी बघायला सुरुवातही केली होती. पण तेवढ्यात ती मालिका इंडोनेशियाच्या एका चॅनेलनं घेतली, त्यांच्या भाषेत बोलती केली, आणि तिकडचे लोक वेडे झाले. आपल्या मालिका तिकडं लोक जेवणं थांबवून बघतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यातही त्यांना नायकापेक्षा हा धिप्पाड, काळासावळा, स्वामीनिष्ठ सेनापती जास्त आवडला. त्या चॅनेलनं सगळ्या नटांना जकार्ताला बोलावलं. विमानतळावर पोरींची ही गर्दी, हातात फलक, डोळ्यांत पाणी. वैजनाथला वाटलं त्या मागून येणाऱ्या नायकासाठी आल्यात. तो बिचारा त्यांना वाट द्यायला बाजूला सरकला. पोरी त्याच्याबरोबर सरकल्या.

तो तिथंच राहिला. ती भाषा शिकला. इथं इंग्रजीत काठावर पास होणारा हा गडी तिकडं टीव्हीवर विनोद करायला लागला. तिकडच्या विनोदी कार्यक्रमात हरलेल्याच्या तोंडाला पीठ फासल्यासारखी पावडर फासतात. ते बघून काकू चवताळायच्या. "काहून फासून राहिले त्याला? लहान हाय का त्यो?" मग तो दांगदुत गाण्यांवर नाचायचा. दांगदुत म्हणजे तिकडची नाचाची गाणी. ठेका ऐकला तर वाटावं आपल्या वरातीतला बॅन्ड समुद्रापार गेला आणि तिथंच सोयरीक जमवून बसला. ते काकूंना फार आवडायचं. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा पाय हलायचा, आणि मी बघितलं की पदर ओढून त्या गप्प बसायच्या.

हे सगळं माझ्या दुकानात व्हायचं, कारण वाडीत रेंज नाही. दर बाजाराच्या दिवशी काकू यायच्या. भाजीची पिशवी माझ्या काउंटरखाली सारायच्या आणि म्हणायच्या, "लाव." मी आठवडाभराचं शोधून ठेवलेलं लावायचो. त्यातलं एक अक्षर त्यांना कळायचं नाही. मलाही नाही. पण त्या मला गोष्ट सांगायच्या, हा चांगला, ही कजाग, हिचा डोळा घरावर हाय, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असायची. सासू, सून, दौलत, पोटातलं पाप. जगात दुसरं असतंय काय? शेवटी वैजनाथला व्हिडिओ कॉल लागायचा. मायलेकरं आधी भांडायची, मग हसायची. तो मला म्हणायचा, "मुज्या, आईला चहा पाज." जणू मी पाजतच नव्हतो.

पडद्यावर तो पहिल्यांदा मेला तेव्हा मी घाबरलो होतो. सेनापती राजाला वाचवताना छातीवर बाण झेलतो. वैजनाथ गुडघ्यावर आला, आडवा झाला, डोळे मिटले. मला वाटलं, काकू आता हंबरडा फोडणार. दुकानात पाण्याचा तांब्या कुठं आहे ते मी बघून ठेवलं. आणि काकू हसल्या. टाळी वाजवून हसल्या.

"वाढलं," त्या म्हणाल्या. "माह्या लेकराचं आयुष्य वाढलं."

आमच्या भागातली ही एक समजूत आहे. माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर मरण जवळ आलं असं धरतात. त्यावर तोड अशी की तो माणूस मेला म्हणून नातलगांना खोटा निरोप धाडायचा. नातलग रडत-ओरडत येतात. ते पोटभर रडले की त्यांना खरं सांगायचं आणि हातावर साखर ठेवायची. मरणाला वाटतं, इथलं काम झालं, आणि ते परत जातं. वैजनाथ पोरसवदा असताना चिंचेखाली त्याच्या डोक्यावर कावळा बसून गेला होता. काकूंनी शिरड शहापूरला आपल्या भावाकडं माणूस धाडला. मामा बिचारा अनवाणी जीपमध्ये बसला आणि वाडीच्या वेशीपासून ऊर बडवत आला. समोर भाचा ओट्यावर बसून शेंगा खाऊन राहिलेला. मामानं साखर खाल्ली आणि मग बहिणीला अर्धा तास शिव्या घातल्या. आमच्या घरात हे काही मानत नाहीत. पण गावात राहायचं म्हणजे मानायलाच लागतं. कावळा जात विचारून शिवत नाही.

तेव्हापासून वैजनाथ पडद्यावर जितका मरेल तितकं काकूंना बरं वाटायचं. आणि तिकडच्या मालिकांत तो फार मरायचा. त्याच्यासारख्या दांडग्याला खलनायकच करतात. तिकडं पापी माणसाच्या मरणाच्या मालिकांचा एक प्रकारच आहे. माणूस आयुष्यभर गरिबाला नाडतो, मग मरतो, मग त्याचं प्रेत कबरीत मावत नाही, कधी जनाजा चाललेला असताना त्याच्यावर वीज पडते. पांढऱ्या कफनात गुंडाळलेला, नाकात कापसाचे बोळे घातलेला आमचा वैजनाथ, आणि लोक त्याचा जनाजा टाकून पळून राहिलेत. मला ते बघवायचं नाही. माझ्या अब्बांना मी तसंच गुंडाळलेलं बघितलं होतं. काकू मात्र माझा हात धरून हसायच्या. "मारू दे रे. जितकं मारतेल तितकं वाढंल."

मी एकदा वैतागून म्हणालो, "काकू, टीव्हीतलं मरन कुनी मोजत असंल व्हय?"

"मोजनारा मोजतो," त्या म्हणाल्या. "तुहं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं. मी चहा सांगितला.

मग एका सकाळी मी दुकान उघडलं, फोन चालू केला आणि बघतो तर काय. वैजनाथचा काळा-पांढरा केलेला फोटो, शेजारी रडणारी एक बाई, खाली लाल अक्षरात त्यांच्या भाषेतलं काहीबाही. पण सुरुवातीचे शब्द मला वाचता आले. इन्ना लिल्लाही. आमच्याकडं कुणी गेलं की पहिल्यांदा तोंडातून हेच निघतं. तिकडचे लोकही तेच म्हणतात, तसेच लिहितात. त्यापुढचा 'मनिंग्गल' हा शब्द मी फोनला विचारला. त्याचा अर्थ वारला असा होता. मी वैजनाथला फोन लावला. तीनदा कापला गेला. चौथ्यांदा त्यानं उचलला तर तोंडात घास.

"मुज्या, जेवून राहिलो ना बे," तो म्हणाला.

मी त्याला जी शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही. तो खदाखदा हसला. म्हणाला, इथं बातम्या विकणारे चॅनेल आठवड्याला कुणाला ना कुणाला मारतातच. लोक घाबरून बघतात, त्यांची पोटं भरतात. "इथं एकदा तरी मेल्याबिगर मानूस मोठा होत न्हाई. आज मी मोठा झालो. आईला सांग."

काकू आल्या तेव्हा मी त्यांना आधी म्हणालो, "वैजनाथ मजेत हाय, आताच बोललो," आणि मग ते चित्र दाखवलं. बाईचं काळीज, उगाच धक्का कशाला. काकूंनी चित्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अशा हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरा निरोप आला! इतक्या दुरून निरोप आला!" म्हणत उठल्या. समोरच्या दुकानातून साखर घेतली आणि जीपच्या अड्ड्यावर प्रत्येकाच्या हातावर ठेवली. भीमसिंग जीपवाल्यानं विचारलं, "काहून वाटून राहिले, मावशी?" तर म्हणाल्या, "पोरगं मेलं माहं!" आणि सगळा अड्डा हसला. मीही हसलो. त्या दिवसाइतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नाही.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. बाजाराच्या दिवशी कॉल लावला तर वैजनाथ पांघरूण घेऊन पडलेला. "अंग कसकस करून राहिलं, आई. डास लई झालेत इथं." काकूंनी त्याला गुळवेलाचा काढा सांगितला. जकार्तात गुळवेल कुठं मिळते ते मला विचारलं. मी म्हणालो, दवाखाना मिळतो, तिकडं जा म्हणावं. तो म्हणाला जातो. चित्रीकरण उरकलं की जातो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अजून शटर वर करतोय तोवर शेजारच्या कटिंगच्या दुकानातला प्रेमानंद फोन नाचवत आला. "मुजाहिद, तुझा दोस्त परत मेला बघ!" त्याच्या मागं दोन-चार जण हसत आले. तोच काळा-पांढरा फोटो. तीच लाल अक्षरं. काकू तेवढ्यात जीपमधून उतरत होत्या. प्रेमानंदनं तिथूनच ओरडून सांगितलं, "मावशी, साखर काढा!" काकूंनी कपाळाला हात लावला, "आता ह्यो कितीदा मरतो," म्हणाल्या आणि हसत समोरच्या दुकानात शिरल्या.

मी सवयीनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. तोवर दुसऱ्या फोनवर मी बघत होतो. हे फक्त त्या बातम्या विकणाऱ्यांचं नव्हतं. वैजनाथबरोबर रोज विनोद करणारा तिकडचा एक जाडा नट होता, दर भागात त्याच्या तोंडाला पावडर फासणारा. तो एका दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसला होता. मेकअप नाही, केस विस्कटलेले. तोंडावर हात धरून नुसता हलत होता. खाली लोक लिहीत होते, एकाखाली एक, एकाखाली एक, इन्ना लिल्लाही. तेवढ्यात माझा फोन उचलला गेला. कुणी बाई होती. मी हिंदीत ओरडलो, इंग्रजीत ओरडलो. ती काहीतरी सांगत होती. मग तिला कळलं असावं की मला काही कळत नाहीये. तिनं सावकाश, एकच शब्द परत परत म्हटला. त्या भाषेतला मला येणारा तो एकच शब्द होता. मनिंग्गल.

मी बाहेर आलो. काकू अड्ड्यावर साखर वाटत होत्या. लोक थट्टा करत होते. कुणी म्हणालं, "मावशी, आता पेढे पायजेत, साखरेवर न्हाई भागत." मी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझा हात ओढला, उलटा केला आणि तळव्यावर साखर ठेवली.

"खा," त्या म्हणाल्या.

"काकू," मी म्हणालो, "या टायमाला खरं हाय."

"बाण लागला तवा बी तू असाच पांढरा पडला व्हतास."

"काकू, माह्या अम्मीची शपथ. वैजनाथ गेला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हातातल्या पुडीकडं बघितलं. पुडीत साखर उरली होती. ती त्यांनी भीमसिंगच्या हातावर ओतली, कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "मला घरी सोड, भीमसिंग. हळदीला पानी द्याचं हाय." माझ्या तळव्यावरची साखर घामानं चिकट झाली होती, आणि ती टाकावी कुठं ते मला कळत नव्हतं. मी आयुष्यात एवढा असहाय कधीच झालो नाही.

डेंग्यू झाला होता. चित्रीकरण उरकून तो दवाखान्यात गेला तेव्हा फार पुढं गेलं होतं.

पुनम कळमनुरीहून आली ती दारातच कोसळली. काकूंनी तिला उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि तिच्याही हातावर साखर ठेवली. "रडलीस ना पोटभर? झालं तर मंग. खा." पुनम माझ्याकडं बघत राहिली. मी मान खाली घातली.

काही दिवसांनी पेटी हैदराबादला उतरली आणि तिथून गाडीनं वाडीत आली. तिकडच्या चाहत्यांनी त्यांच्या नक्षीचं एक तलम तपकिरी कापड पेटीत ठेवलं होतं. वैजनाथच्या चेहऱ्याला तिथल्या दवाखान्यात रंग लावला होता, गाल गुलाबी, कपाळ पांढरट. काकू वाकल्या. पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि लहान लेकराचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसायला लागल्या. पांढरं सगळं निघालं. खालचा रंग आमच्या ओळखीचा होता, पण तसा नव्हता. त्यांनी पदर सोडला. बायका त्यांना मिठी मारून रडत होत्या, त्यांना रडवायला बघत होत्या. शिरड शहापूरचा म्हातारा मामा वेशीपासून ऊर बडवत आला होता. काकूंच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. अग्नी दिला तेव्हाही नाही. लोक म्हणाले, बाईला धक्का बसलाय. काही जण, गावात असतातच असे, म्हणाले, दगड आहे.

दिवस घालून झाले. मला वाटलं होतं काकू आता माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. मीही बाजाराच्या दिवशी शोधून ठेवायची सवय मोडायला बघत होतो. पण त्या आल्या. पिशवी रिकामी होती, तरी काउंटरखाली सारली.

"लाव," त्या म्हणाल्या.

"काय लावू, काकू?"

"त्यो मेला ते. पयल्यापासून, सगळे."

मला वाटलं, ऐकायला चूक झाली. मी म्हणालो, "कशाला जिवाला लावून घेता? गानं लावतो. नाचाचं लावतो."

"तुला कळत न्हाई, मुजाहिद," त्या म्हणाल्या. त्यांचा तो दांडगा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "कावळा शिवला तवा निरोप धाडनारी मी व्हते आन रडनारा मामा. मामा खरा रडला, म्हनून लेकरू वाचलं. आन ह्या वक्ताला निरोप कुनाला आला? मला आला. रडनारी मी व्हते. सगळं गाव साखर खाया व्हतं, पन रडायचं कुनी? मी हसले रे. दरयेळेला हसले. त्यो इतक्यांदा मेला आन त्याची आई एकदा बी रडली न्हाई."

मी चिडलो. खरंच चिडलो. "काकू, डास चावून मरतो मानूस. रडन्या-हसन्यानं काय होतंय? डॉक्टरला इचारा!" माझा आवाज इतका चढला की प्रेमानंद कात्री हातात घेऊन दारात आला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "लाव."

मी लावलं. सेनापतीच्या छातीत बाण घुसला, तो गुडघ्यावर आला, आणि काकूंनी हंबरडा फोडला. आमच्याकडच्या बायका रडतात तसं, शब्दांनिशी, सूर धरून. "माह्या राजा रे, माह्या वाघा रे, कुन्या रानी पडला रे." अंत्ययात्रेत अडून राहिलेलं सगळं तिथं माझ्या दुकानात, चार्जरच्या वायरी आणि मोबाईलच्या कव्हरांमध्ये बाहेर पडलं. मग दुसरं लावलं. वीज पडली, लोक जनाजा टाकून पळाले, आणि काकू ओरडल्या, "पळू नका रे, माहं लेकरू हाय त्ये." मग तिसरं. मध्ये दम लागला तेव्हा त्यांनी बोट लावून विचारलं, खाली काय लिहिलंय. मी फोनला मराठी करायला सांगितलं आणि वाचून दाखवलं. कुणी लिहिलं होतं, हा सेनापती मरतो तिथं मी दर वेळी रडते. कुणी लिहिलं होतं, आमचं अख्खं घर रडलं, आजी त्या रात्री जेवली नाही. हे सगळं जुनं होतं, तो जिवंत असतानाचं.

"मंग इतके जन रडले तरी?" काकूंनी विचारलं. आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाल्या, "त्येंचं काय नातं. नात्याचं रडाया लागतंय."

शेवटी त्या म्हणाल्या, आता ते पहिलं खोटं मेल्याचं लाव, ज्याची साखर वाटली ते. काळा-पांढरा फोटो, रडणारी बाई, लाल अक्षरं. मी लावलं आणि तोंड फिरवलं. अड्ड्यावर भीमसिंगनं जीपचं इंजिन बंद केलं होतं. आत बसलेली माणसं उतरून उभी होती. काकू फोटोला हात लावून रडत होत्या, आणि मीही रडत होतो. दोस्त गेल्यापासून मला तरी कुठं वेळ मिळाला होता?

खूप वेळानं त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले, स्टूल पुढं ओढलं आणि दर बाजाराला बसायच्या तशा फोनसमोर ताठ बसल्या.

"झालं रडून," त्या म्हणाल्या. "एका बी मरनाचं रडनं राहिलं न्हाई. आता लाव त्याला फोन."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्या थट्टा करत नव्हत्या. मी नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन त्यांच्यासमोर ठेवला. पलीकडं एक बाई बोलली. छापील, गोड, थंड आवाजात तिनं एक वाक्य म्हटलं, आणि तेच परत म्हटलं. ती भाषा मला येत नाही, पण ते वाक्य जगात सगळीकडं त्याच सुरात म्हणतात. काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. फोन आपोआप बंद झाला तरी ऐकत राहिल्या.

मग त्यांनी काउंटरखालची रिकामी पिशवी ओढून घेतली.

"उशिरा रडले मी," त्या म्हणाल्या, आणि जीपकडं चालायला लागल्या.